रेंडर करताना ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडतो: माझा अनुभव

लॅपटॉपवर ॲनिमेशनचे जड दृश्य रेंडर करायला, म्हणजे त्याची अंतिम चित्रे तयार करायला घेतले की पडदा क्षणभर काळा होई, सॉफ्टवेअर बंद पडे आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद दिसे. म्हणजेच प्रतिसाद न देणारा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) विंडोजने पुन्हा सुरू केलेला असे. सॉफ्टवेअर नव्याने टाकून पाहिले, जुन्या ड्रायव्हरवरच नवा बसवला, टेक्स्चर लहान केले. उपयोग झाला नाही. जतन न केलेले काम तिसऱ्यांदा गेले, तेव्हा अगदी रडू आले.

अखेर लागू पडले ते असे. अंतर्गत (प्रोसेसरमधील) आणि स्वतंत्र अशा दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर आधी डाउनलोड करून घ्यावेत आणि मगच इंटरनेट तोडावे, कारण ते सुरू राहिले तर विंडोज मध्येच आपल्याकडचा ड्रायव्हर बसवू शकते. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरसह सुरू करून, डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्सखालच्या दोन्ही नोंदी, ड्रायव्हरही पुसण्याच्या चौकटीत खूण करून, काढाव्यात. नेहमीच्या पद्धतीने पुन्हा सुरू केल्यावर आधी अंतर्गत आणि नंतर स्वतंत्र ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवावा. मग सेटिंग्जमधील सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स येथे सॉफ्टवेअर जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. माझे तोवर अंतर्गत चिपवरच चालत होते.

शेवटी रजिस्ट्रीची (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्याची) प्रत काढून ठेवावी आणि लोकल मशीनच्या सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, ग्राफिक्स ड्रायव्हर्स या कप्प्यात ‘टीडीआर डिले’ (TdrDelay) हे डीवर्ड प्रकारचे संख्यामूल्य, नाव सलग लिहून, दशमान पद्धतीत १० ठेवावे. प्रतिसादाची वाट पाहण्याची विंडोजची मूळ मर्यादा २ सेकंदांची असते आणि जड फ्रेमला ती अपुरी पडते. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावरच हा बदल लागू होतो.