नागपूरच्या मेळ्यात दोऱ्याच्या वस्तूंचा स्टॉल लावायचाय? आधी दोरा इथलाच शोधा

सुतळी अन् कॉटनचा दोरा इतवारी-गांधीबागेत होलसेलवाल्यांकडं विचारा, कोसा (टसर रेशीम) पाहिजे तर भंडाऱ्याकडं चौकशी करा, अन् गावाकडं कोणी अंबाडी लावत असेल तर भाजी खाऊन झाली म्हणून झाडं फेकू देऊ नका, खोडं पाण्यात कुजवली की साल सुटते, ती धुऊन वाळवली की मस्त दोर वळता येतो (वास भयंकर येतो बरं, घरात नका करू).

हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा भरतो, तिथं आधी नुसतं फिरून रेट बघून या. किंमत लावताना मजुरी, स्टॉलचं भाडं, ऑटोचे पैसे सगळं धरा, घासाघीस तर लोक करणारच. कीचेनसारख्या स्वस्त वस्तू पुढं मांडा, अन् सुट्टे ठेवाच.