इंग्रजीचं पुस्तक घेण्याआधी मधलं एक पान वाचून बघा

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या घरी बहुधा तीन-चार पुस्तकं निघतात आणि प्रत्येकाची पहिली वीस-पंचवीस पानंच काय ती मळलेली असतात. यात दर वेळी आळसच असतो असं नाही. पुस्तक पातळीला जड गेलेलं असतं, नाहीतर वर्गात शिक्षकाने वापरायचं पुस्तक एकट्याने शिकायला आणलेलं असतं. या दोन्ही गोष्टी पुस्तक घेण्याआधी अर्ध्या तासात कळतात.

आधी पातळी. मुखपृष्ठावरच्या 'बिगिनर', 'अ‍ॅडव्हान्स्ड' अशा शब्दांवर जाऊ नका, ते ज्याचे त्याने आपल्या सोयीने छापलेले असतात. ए१ ते सी२ यांपैकी खूण आहे का बघा. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भाषा किती येते ते मोजायच्या चौकटीतल्या या सहा पायऱ्या आहेत. ए२ म्हणजे रोजच्या कामापुरती साधी देवाणघेवाण. बी१ म्हणजे ओळखीच्या विषयावर आपला अनुभव किंवा बेत सलग सांगता येणं. केंब्रिजच्या अंदाजाने अगदी सुरुवातीपासून ए२ गाठायला शिक्षकाच्या मदतीने १८० ते २०० तास लागतात, बी१ ला ३५० ते ४०० आणि बी२ ला ५०० ते ६००. रोज तासभर बसलं तरी ३० दिवसांचे तास ३०च होतात. महिन्याभरात अस्खलित इंग्रजी देणाऱ्या पुस्तकांचा निकाल या एका गुणाकारात लागतो.

आता पानाची परीक्षा. पहिला धडा सगळ्याच पुस्तकांचा सोपा असतो, म्हणून मधलं पान उघडा. साधारण १०० शब्दांचा उतारा घ्या आणि न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. दोनपर्यंत रेघा आल्या तर ते पुस्तक एकट्याने, शब्दकोशाशिवाय वाचता येईल. तीन ते पाच आल्या तर शिक्षक जवळ हवा. त्याहून जास्त आल्या तर एक पायरी खाली उतरा. इथे एक फसगत होते: शब्द नुसता पाहिलेला असला तरी माणूस तो 'येतो' म्हणतो. 'रन' म्हणजे धावणं हे पाठ असतं, पण 'रन अ शॉप' म्हणजे दुकान चालवणं, इथे गाडी अडते. म्हणून रेघ न मारलेल्यांपैकी पाच शब्दांचा त्या वाक्यातला अर्थ स्वतःला विचारा.

वाचनासाठी पायरीवार गोष्टींची पुस्तकं सगळ्यांत उपयोगी, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही. ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेत पहिल्या टप्प्याला ४०० मूळ शब्द आहेत, तिसऱ्याला १०००, सहाव्याला २५००. गो, गोज, वेंट हे मिळून एकच मूळ शब्द धरतात. आपल्या पातळीपेक्षा जरा सोपंच घ्या. दहा पातळ पुस्तकं भराभर वाचून होणारा फायदा एक जाड कादंबरी रेटून होत नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरच्या अभिजात कादंबऱ्या फुकट मिळतात, पण बहुतेक तिथे आहेत त्या स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे, म्हणजे भाषाही तितकीच जुनी. लहान मुलांची पुस्तकं सोपी असतात हाही गैरसमजच. यमकासाठी आणलेले विचित्र शब्द आणि प्राण्यांचे आवाज मोठ्या माणसाला काय कामाचे?

व्याकरणाच्या पुस्तकात नियमाआधी सराव बघा. 'ही ... टू स्कूल एव्हरी डे' अशा दहा गाळलेल्या जागा ओळीने आल्या आणि दहाही ठिकाणी क्रियापदाला 'एस' लावायचा असला, तर तिसऱ्या वाक्यानंतर शिकणारा वाक्य वाचतच नाही, नुसता 'एस' लावत सुटतो. पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि बोलताना 'ही गो' येतंच. दोन-तीन रूपं मिसळलेली, अर्थ लागल्याशिवाय भरता न येणारी वाक्यं असली तर सराव खरा. एकट्याने शिकणाऱ्याला मागे उत्तरं हवीतच. केंब्रिजचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' उत्तरांसह आणि उत्तरांविना, दोन्ही प्रकारे निघतं. घाईत दुसरं उचललं जातं. शिवाय ते मधल्या पातळीचं आहे. नवशिक्याने त्याच लेखकाचं 'इसेन्शियल' नावाचं आधीच्या पातळीचं पुस्तक घ्यावं.

मराठीतून समजावणारी पुस्तकं सुरुवातीला जरूर घ्यावीत, मात्र तीन ठिकाणं चाळून. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' याचं भाषांतर शोधा. मराठीत साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून कच्चं पुस्तक 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' असं छापतं. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स' असेल तर पुढे जा. दुसरं, 'मला दोन भाऊ आहेत'. तिथे 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' दिसलं की पुस्तक जागेवर ठेवा. तिसरं, उच्चार. देवनागरीत लिहिलेल्या उच्चारात आघात कुठे ते कळत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. आघाताची खूण नसेल तर उच्चार त्या पुस्तकातून शिकू नका, ध्वनिफितीवरून शिका.

शब्दकोश शिकणाऱ्यांसाठीचाच हवा. 'अ‍ॅडव्हाइस' काढून बघा: हे नाम मोजता येत नाही अशी खूण आहे का? 'डिपेंड'पुढे 'ऑन' दिला आहे का? लाँगमनचा कोश सुमारे २००० सोप्या शब्दांतच अर्थ सांगतो, त्यामुळे अर्थ समजायला दुसरा कोश लागत नाही.

ऐकण्याच्या साहित्यासोबत लिखित संहिता मिळते का, एवढं पाहिलं तरी अर्धं काम झालं. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'ला ती असते. आधी संहितेविना ऐका, मग संहिता बघत, मग पुन्हा संहितेविना. पहिल्या खेपेला विषयच कळला नाही तर तो भाग जड आहे. जुनं पुस्तक घेत असाल तर आतला ऑनलाइन कोड आधी वापरला गेला आहे का ते विचारून घ्या. बरेच कोड एकदाच चालतात.

शिक्षकांची निवड जरा वेगळी. एक धडा घ्या आणि मुलाला स्वतःच्या मनाचं वाक्य किती वेळा बोलावं किंवा लिहावं लागतं ते मोजा. बारा कृतींपैकी दहा गाळलेल्या जागा असतील तर वर्गात शांतता राहील आणि इंग्रजी वहीतच राहील. मग दुसऱ्या धड्यातले दहा शब्द पाचव्या-सहाव्या धड्यात शोधा. एकही परत आला नसेल तर उजळणीचा सगळा भार तुमच्यावर पडणार. जोडीने करायच्या कृतींत दोघांकडे वेगवेगळी माहिती असावी: एकाकडे गाडीची वेळ, दुसऱ्याकडे फलाट. दोघांसमोर तेच पान असेल तर विचारायला उरतंच काय?

शेवटच्या दोन पुस्तकांत निवड अडली, तर प्रत्येकाचा एक-एक धडा वर्गात शिकवून बघा. आठवड्याने न सांगता दोन्ही धड्यांतले दहा-दहा शब्द वाक्यात वापरायला द्या. ज्या धड्यातले जास्त टिकले, ते पुस्तक घ्या, चित्रं कमी असली तरी.