कॉन्फेडरेट फिगर्स रंगवायला घ्यायच्या आधीची तयारी

सैनिकांच्या या छोट्या मूर्ती रंगवायच्या तर सगळ्यात आधी लढाई आणि साल ठरवा, रंगाच्या बाटल्या नंतर. नुसतं "अमेरिकन सिव्हिल वॉर, दक्षिणेची म्हणजे कॉन्फेडरेट फौज" एवढंच डोक्यात ठेवून बसलात तर सगळ्या युनिटला एकच करडा फासला जातो आणि मग ते कुठल्याच लढाईचं राहत नाही. जुलै 1861 ची बुल रनची पहिली लढाई करताय? मग करड्यावर अडून बसूच नका, कारण तेव्हा कपडे सैनिकाने किंवा त्याच्या कंपनीने आणायचे आणि सरकारने त्याचे पैसे द्यायचे अशी पद्धत होती, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा थाट वेगळा. दक्षिणेची 33 वी व्हर्जिनिया रेजिमेंट त्या दिवशी निळ्या कपड्यांत होती, उत्तरेच्या तोफखान्याला ती आपलीच वाटली आणि त्या गोंधळात तोफा हातच्या गेल्या, आणि तिकडे उत्तरेची 2 री विस्कॉन्सिन करड्या कपड्यांत असल्यामुळे तिच्यावर स्वतःच्याच बाजूने गोळ्या झाडल्या गेल्या. लुईझियानाचे टायगर रायफल्सवाले, लाल शर्ट आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ढगळ पँट, रंगवायला मोह होतोच, खुशाल रंगवा, पण ते याच लढाईत शोभतात. 1863 च्या गेटिसबर्गला उभे करू नका, त्यांची बटालियन 1862 मध्येच मोडली होती.

मग जून 1861 चा सरकारी नियम वाचून घ्या पण त्यावर फार विसंबू नका. दोन रांगा बटणांचा लांब कोट आणि आकाशी पँट हे साध्या शिपायाच्या अंगावर क्वचितच आलं. त्यातले विभागांचे रंग मात्र कामाचे आहेत, पायदळ फिकट निळा, तोफखाना लाल, घोडदळ पिवळा, अधिकाऱ्यांच्या कॉलर-कफला उपयोगी पडतात.

खरा अभ्यास करायचा तो डेपोंचा, म्हणजे गणवेश बनवून पुरवणाऱ्या सरकारी केंद्रांचा. 1862 च्या शेवटी ती पैशांची पद्धत बंद झाली आणि पुढे सरकारी डेपोतून कपडे यायला लागले. व्हर्जिनियातल्या जनरल ली च्या फौजेसाठी रिचमंड डेपोचं जाकीट बघा, कमरेपर्यंत आखूड, उभी कॉलर, समोर साधारण नऊ बटणं, आधीच्या जाकिटांना खांद्यावर पट्ट्या आणि बेल्टसाठी लूप, 1864 पासूनच्यांना सहसा दोन्ही नाही. पश्चिमेकडच्या, दक्षिणेच्याच आर्मी ऑफ टेनेसी या फौजेसाठी जॉर्जियातल्या कोलंबस डेपोचं बघा, त्याला निळी कॉलर आणि निळे कफ. हा एवढा फरक पकडलात तरी तीन फुटांवरून कळतं की टेबलावर कुठली फौज आहे. नॉर्थ कॅरोलिना आपल्या रेजिमेंट्सना स्वतः कपडे पुरवायची, तिचं वेगळं शोधा.

आता बटरनटचं, म्हणजे दक्षिणेच्या कपड्यांच्या त्या मातकट तपकिरीचं. हा रंग नीट समजून घेतल्याशिवाय बेसकोट (रंगाचा पहिला थर) मारूच नका, माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे. कापड बहुतेक जीन, म्हणजे उभा धागा सुती आणि आडवा लोकरीचा, आणि करडा रंग बऱ्याचदा लॉगवुडसारख्या वनस्पतीच्या रंगातून आलेला, जो उन्हात तपकिरीकडे झुकतो. म्हणजे डेपोतून करडं म्हणून निघालेलं जाकीट काही महिन्यांत खांद्यावर आणि पाठीवर मातकट होणार, आणि काखेत, कॉलरच्या खाली, घडीच्या आत अजून करडंच राहणार. फिगरवर हेच करा, सावलीत करडा ठेवा आणि वरच्या भागांवर तपकिरी चढवा. व्हॅलेहो या रंगांच्या कंपनीचे न्यूट्रल ग्रे, स्टोन ग्रे, बेज ब्राऊन आणि इंग्लिश युनिफॉर्म एवढे चार घेतले तरी पुरतात, एकमेकांत मिसळत राहायचं. पण 1863 सप्टेंबरच्या चिकामोगाच्या लढाईतली, ली च्या फौजेतल्या जनरल लॉंगस्ट्रीटची माणसं करताय तर थांबा, त्यांना व्हर्जिनियातून निघताना नवे कपडे मिळाले होते, गडद निळसर जाकिटं आणि आकाशी पँट. 1864 पासून उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून आलेलं इंग्लंडचं निळसर करडं कापडही वाढलं. (याच नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, 1865 ला युद्ध संपलं आणि बाजार कोसळला.)

फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात भरपूर आहेत, मोठ्या साइझमध्ये उतरवून घ्या. गेटिसबर्गचे तीन कॉन्फेडरेट कैदी असलेला जुलै 1863 चा फोटो आधी बघा, फेल्टच्या टोप्या, पायात धड बूट, चिंध्या कुठेच नाहीत. अख्खी रेजिमेंट फाटकी आणि अनवाणी रंगवायची सवय तो एक फोटो मोडतो. 1862 च्या मेरीलँड मोहिमेत अनवाणी बरेच होते, तिथे जरूर दाखवा. फोटो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या काळच्या फोटोच्या काचेला निळा रंग जास्त लागायचा, म्हणून आकाशी पँट जवळजवळ पांढरी दिसते आणि पिवळी किंवा लाल पट्टी काळी दिसते. आणि टिनटाइप (पत्र्यावरचे फोटो), ॲम्ब्रोटाइप (काचेवरचे) आरशासारखे उलटे असतात, त्यावरून सामान लावलंत तर सगळं चुकीच्या बाजूला जाईल. खरी जागा अशी: काडतुसांची पेटी उजव्या कुल्ल्यावर, झोळी आणि पाण्याची बाटली डावीकडे.

गणवेशातल्या काळ्या माणसाचा फोटो दिसला म्हणून लगेच त्याला रांगेतला सैनिक करू नका. सायलस चँडलर आपल्या मालकाच्या मुलासोबत हत्यारं घेऊन बसलेला फोटो प्रसिद्ध आहे, पण तो गुलाम होता, नोकर म्हणून नेलेला. ही फौज गुलामगिरी टिकवणाऱ्या राज्यांची होती आणि काळ्या माणसांना सैन्यात घ्यायचा कायदा मार्च 1865 मध्ये, युद्ध संपत आल्यावर झाला. छावणीचा देखावा करत असाल तर स्वयंपाक, घोडे, गाड्या यांच्यापाशी ही माणसं असायलाच हवीत.

पट्टे सगळे काळे रंगवू नका, तपकिरी चामडं आणि चामड्याच्या टंचाईमुळे रंग दिलेलं कॅनव्हासही होतं. झेंडा शेवटी, पण बघून: ली च्या फौजेचा लढाईचा झेंडा चौरस, पायदळाचा प्रत्येक बाजूला साधारण 48 इंच, आणि आर्मी ऑफ टेनेसीतल्या जनरल क्लेबर्नच्या डिव्हिजनचा तर निळ्यावर मधोमध पांढरा गोल. तयार प्रिंट आयताकृती असेल तर व्हर्जिनियाच्या रेजिमेंटला लावायच्या आधी बदलून घ्या.