दोन किलोवॅटची इलेक्ट्रिक मिनी बाईक घरी बांधताना

सोलापुरातल्या साध्या यंत्रमागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर पुरते. येथे जिची बांधणी सांगितली आहे त्या मिनी बाईकची मोटर दोन किलोवॅटची, म्हणजे पावणेतीन अश्वशक्तीच्या जवळपासची आहे, आणि ती जेमतेम पंचेचाळीस किलोच्या गाडीवर बसवायची आहे. एवढी ताकद मनगटाच्या एका पिळाने सुटत असल्यामुळे बांधणीचा क्रम मी उलटा ठेवतो: आधी सांगाडा आणि ब्रेक, मग वीज तोडण्याची साधने, आणि मोटर सर्वांत शेवटी. बहुतेक हौशी मंडळी मोटर आणि बॅटरी आधी आणतात आणि ब्रेकची सोय उरलेल्या पैशांत करतात. मला ही पद्धत धोकादायक वाटते.

कायद्याची बाब सुरुवातीलाच स्पष्ट असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीला मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट हवी असेल, तर मोटरची सलग तीस मिनिटे देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत असावे लागते. आपली गाडी यात बसत नाही, आणि घरी बांधलेल्या गाडीला प्रकार-मान्यता, म्हणजे मॉडेलची सरकारी चाचणी होऊन मिळणारी मंजुरी, नसल्याने तिची नोंदणीही होत नाही. म्हणून ती होटगी रस्त्यावर नाही, आपल्या गल्लीतही नाही. मालकाच्या परवानगीने खासगी जागेतच चालवावी. त्याचप्रमाणे सांगाड्यासाठी जुन्या मोपेडची चेसिस कापू नये. तिच्यावरचा क्रमांक कोणाच्या तरी नावावर नोंदलेला असतो. भंगारातून पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), चाके आणि ब्रेक घ्यावेत, पण पावतीसह.

सांगाड्यासाठी २५ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची लोखंडी गोल पाइप पुरेशी होते. फोर्क, त्याच्या बेअरिंगच्या वाट्या आणि ज्या नळीत त्या बसतात ती नळी असा पूर्ण संच एकत्र घेतला, तर लेथचे बरेचसे काम वाचते. दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर एक मीटरच्या आसपास ठेवावे आणि फोर्क उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश कललेला असावा. त्याहून फार उभा फोर्क लहान चाकांवर हाताला अस्थिर लागतो. पाइप एकमेकींना जेथे भिडतात तेथे टोक माशाच्या तोंडासारखे कापून घ्यावे, म्हणजे वेल्डिंगला फट भरावी लागत नाही. प्रथम फक्त टाके मारावेत, दोन्ही चाके बसवून ती एका रेषेत आहेत हे दोरी आणि ओळंब्याने तपासावे, आणि नंतरच पूर्ण वेल्डिंग करावे. ते काम अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील अनुभवी वेल्डरकडून करून घेण्यात कमीपणा नाही. फोर्कच्या नळीजवळचा सांधा शिकाऊ हाताने जोडण्यासारखा नसतो.

ब्रेकसाठी पुढे हायड्रॉलिक डिस्क आणि मागे डिस्क किंवा चांगला ड्रम घ्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी थांबवताना ब्रेकला २० च्या वेगापेक्षा चौपट ऊर्जा पचवावी लागते, हे डिस्कचा आकार ठरवताना लक्षात असावे. मोटरच्या साहाय्याने वेग कमी करून बॅटरीत वीज परत पाठवण्याची सोय काही कंट्रोलरमध्ये (बॅटरीची वीज हवी तेवढी मोटरला देणाऱ्या पेटीत) असते, परंतु तिच्यावर विसंबू नये, कारण बॅटरीच्या संरक्षक सर्किटने जोडणी तोडली की ती सोय त्याच क्षणी नाहीशी होते. दोन्ही ब्रेकच्या लिव्हरवर मोटर बंद करणारे स्विच बसवावेत. एवढे झाल्यावर, मोटर नसतानाच, गाडी उतारावरून सोडून ब्रेक मारून पाहावेत.

आता मोटर आणि चेन यांचे गणित; मोटर बसवायची मात्र सर्वांत शेवटीच. दहा इंची रिमवर ३.०० चा टायर चढवला की चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर आणि परीघ सुमारे १.२७ मीटर भरतो. ४८ व्होल्टच्या ब्रशलेस मोटरचे भाराखालचे फेरे मिनिटाला ४,००० धरले आणि मोटरवर ११ व चाकावर ८० दात्यांचे स्प्रॉकेट लावले, तर चाक मिनिटाला ५५० फेरे घेते आणि वेग ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास येतो. एवढ्या लहान गाडीला यापेक्षा जास्त वेग देऊ नये असे माझे ठाम मत आहे. आठ मिलिमीटर पिचच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांत तेवढे अंतर असलेल्या चेनसाठी ८० दात्यांचे स्प्रॉकेट वीस सेंटिमीटरच्या आसपास होते आणि दहा इंची रिमच्या आत मावते. चेनवर पत्र्याचे आवरण हवेच.

बॅटरीसाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल सुचवतो. त्यांचे वजन थोडे जास्त असले तरी इतर लिथियम सेलपेक्षा ते उष्णतेला बरेच सोसतात. ३० अँपिअर-तासांचे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट आणि सुमारे दीड किलोवॅट-तास मिळतात. पूर्ण चार्जला व्होल्टेज ५८.४ होते. कंट्रोलर ४० अँपिअरचा असेल तर पूर्ण जोर सतत लावल्यास ही बॅटरी पाऊण तास टिकते. सेल विकत घेण्यापूर्वी ते ४० अँपिअर सलग देऊ शकतात का हे त्यांच्या माहितीपत्रकात पाहावे. जोडणीआधी हातातली अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर यांचे दांडे चिकटपट्टीने गुंडाळावेत, आणि दोन सेलांच्या मध्ये फायबरचा पातळ पत्रा ठेवावा. संरक्षक सर्किटच्या बारीक तारा ऋण टोकापासून क्रमाने जोडाव्यात, प्रत्येक पुढच्या तारेवर मल्टिमीटरमध्ये सुमारे ३.३ व्होल्ट वाढतात याची खात्री करावी, आणि त्यानंतरच त्यांचा प्लग सर्किटमध्ये घालावा. येथे घाई केली तर एका क्षणात सर्किट जळते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा लिहिण्याइतका महत्त्वाचा आहे. या सेलांना सहसा ४५ अंशांपर्यंतच चार्ज करण्याची मुभा असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची हवाच ४० च्या वर जाते, तर पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक तापते. त्यामुळे दुपारी फिरवून आणलेली गाडी लगेच चार्जरला लावू नये. रात्रभर निवू द्यावी आणि पहाटे, आपण जागे असताना, जिन्यापासून आणि दारापासून दूर चार्ज करावी. झोपेच्या वेळी चार्जिंग अजिबात नको.

मुख्य तारा १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या, लवचीक घ्याव्यात, आणि त्यांच्या टोकांना थिंबल (जोडणीसाठीचे धातूचे टोपण) प्रेसने दाबून बसवावे. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा डीसी फ्यूज आणि हाताला लागेल अशा जागी डीसी सर्किट ब्रेकर असावा. घरातला एसीचा ब्रेकर चालत नाही: एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते, डीसीमध्ये ती तशीच तेवत राहून ब्रेकर वितळवू शकते. कंट्रोलरमधले कपॅसिटर प्रथम १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून दोन सेकंद भरू द्यावेत आणि मग मुख्य जोडणी करावी.

सर्वांत जास्त काळजी मात्र थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवण्यासाठी पिळायच्या मुठीच्या, तीन बारीक तारांची घ्यावी. चुंबकाच्या साहाय्याने पिळ ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या थ्रॉटलला पाच व्होल्टची, ऋण आणि संदेशाची अशा तीन तारा असतात. हात सोडलेला असताना संदेश ०.८ व्होल्टच्या आसपास असतो. यांतली ऋण तार तुटली तर संदेशाचे व्होल्टेज वर चढते आणि साधा कंट्रोलर तो पूर्ण पिळ समजतो. माझ्या पहिल्या गाडीत हेच घडले. हँडल वळताना तार नळीजवळ घासून तुटली आणि चाक पूर्ण वेगाने फिरू लागले. गाडी स्टँडवर होती, म्हणून इजा झाली नाही. त्या दिवसानंतर मी तारेला वळणाजवळ मोकळा झोल ठेवतो, थ्रॉटलचे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यास थांबणाराच कंट्रोलर घेतो, आणि कंट्रोलरला चालू ठेवणाऱ्या इग्निशनच्या तारेत मनगटाला दोरीने बांधलेला स्विच लावतो, जो चालक पडताच निघतो. चाचणी घेताना, चाक हवेत असताना, ही ऋण तार मुद्दाम काढून मोटर खरोखर थांबते का हे पाहावे. थांबत नसेल तर गाडी जमिनीवर उतरवू नये.

चालवण्यासाठी मुरूम दाबून सपाट केलेली जागा शोधावी. ज्वारी निघाल्यावर रिकामे दिसणारे काळे रान मोहात पाडते, परंतु उन्हाळ्यात त्याला पडणाऱ्या रुंद भेगांत दहा इंची चाक अडकते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसात तीच माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरून चाक जाम करते. आयएसआय चिन्हाचे पूर्ण हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि जाड पँट घालावी. पहिल्या दिवशी कंट्रोलरचा प्रवाह अर्ध्यावर ठेवावा. चाकांमधले अंतर कमी असल्याने पुढचे चाक सहज उचलते, म्हणून अंग पुढे झुकवून बसावे आणि पिळ हळूहळू वाढवावा. वळणात पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

पहिले दहा किलोमीटर झाले की गाडी उभी करून मोटर, कंट्रोलर आणि मुख्य जोडण्या हाताने चाचपाव्यात. एखादे थिंबल इतरांपेक्षा गरम लागले तर ते नीट दाबले गेलेले नाही. चेन नव्याने ताणावी, ॲक्सलचे नट पुन्हा आवळावेत, आणि फोर्कच्या नळीजवळच्या वेल्डिंगवरची धूळ पुसून उजेडात पाहावी. तेथे केसाएवढी रेघ दिसली, तर त्यावर पुन्हा टाका मारून भागत नाही. तो सांधा कापून नव्याने जोडून घ्यावा.