१८९८ ची जन्मनोंद १९४२ च्या सूचीत सापडली

मैत्रिणीच्या पणजीचा जन्म १८९८ चा, अमेरिकेतला; पण काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) त्या वर्षीच्या जन्मवहीत नावच नाही. वेगवेगळी स्पेलिंगं, मागची-पुढची पाच वर्षं, शेजारच्या काउंट्या, सगळं धुंडाळून झालं. दोन महिने डोकं धरून बसले होते.

शेवटी मार्ग सापडला तो असा. आधी उशिरा केलेल्या जन्मनोंदींची वेगळी सूची मागवली. ती मूळ वहीत मिसळलेली नसते आणि बरेचदा अर्जाच्या वर्षाने लावलेली असते. मग १९३५ पासून पुढे पाहिलं: त्या वर्षी सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीच्या पेन्शनचा) कायदा आला, वयाचा पुरावा लागू लागला, पुढे युद्धकाळात कारखान्यातल्या नोकरीसाठी नागरिकत्वाचाही. नाव घातलं माहेरचं. १९४२ मध्ये मिळाली!

नुसती तारीख उतरवून थांबू नका. नोंदीच्या खाली पुरावे लिहिलेले असतात. इथे घरच्या बायबलमधलं पान होतं आणि मोठ्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र. तिचं सासरचं आडनाव आम्हाला तिथेच पहिल्यांदा कळलं. त्यानंतर १९०० ची जनगणना काढली, तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही असतं. वर्ष निघालं १८९७. मी जनगणनेवर जास्त भरवसा ठेवते, कारण तेव्हा मूल जेमतेम तीन वर्षांचं होतं.