धंद्याचे कॉल स्पॅम दाखवतायत? या चुका टाळा

कस्टमरने स्वतः फॉर्म भरलेला असतो, मला फोन करा म्हणून सांगितलेलं असतं, आणि आपण फोन लावला की त्याच्या स्क्रीनवर स्पॅम दिसतं आणि तो कट करतो. खूप वाईट वाटतं असं झालं की, कारण यात चूक ना त्याची ना फोन करणाऱ्या पोराची.

अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी काय करतात तर नंबर बदलतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नवीन नंबरला काही इतिहास नसतो आणि पहिल्याच दिवशी त्यावरून धडाधड शेकडो कॉल गेले की स्पॅम ओळखणाऱ्या सिस्टीमला तो अजूनच संशयास्पद वाटतो, कारण फसवणारे लोकही अगदी हेच करतात, एक नंबर जळला की टाकला आणि दुसरा घेतला. त्यात तो नंबर खरंच नवा असेल असंही नाही, कंपन्या बंद झालेले नंबर परत वाटतात, म्हणजे आधीच्या माणसाची बदनामी तुमच्या गळ्यात. म्हणून नंबर घेतल्या घेतल्या तो ट्रूकॉलरवर टाकून बघा, आणि सुरुवातीला कॉल थोडेच करा, मग हळूहळू वाढवा.

दुसरं, हे लेबल कुठल्या एका ठिकाणाहून येत नाही. ट्रूकॉलरचा डेटा वेगळा, गुगलच्या फोन ॲपचा वेगळा, सॅमसंगच्या फोनमध्ये हिया नावाच्या स्पॅम ओळखणाऱ्या कंपनीचा, अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांचं तर प्रत्येकीचं वेगळंच, एटीअँडटी हिया वापरते, टी-मोबाइल फर्स्ट ओरियन आणि व्हेरायझन टीएनएस, या दोघीही हियासारख्याच कंपन्या. त्यामुळे एका ठिकाणी अर्ज करून नाव साफ झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आणि वेगवेगळी सिम घेऊन, आपला नंबर सेव्ह न करता, स्वतः कॉल लावून बघा काय दिसतं ते.

आता मुख्य गोष्ट. ही सिस्टीम तुमचं बोलणं ऐकत नाही, ती समोरचे लोक तुमच्या कॉलचं काय करतात ते बघते. किती जणांनी उचलला, किती सेकंदात ठेवला, किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केला. म्हणून डायलर, म्हणजे आपोआप कॉल लावणारं सॉफ्टवेअर, दोन रिंगमध्ये कट करत असेल तर ते आधी नीट सेट करा, आणि एकाच माणसाला दिवसातून चारचार वेळा लावणं बंद करा. जुन्या याद्या तर ताबडतोब साफ करा, बंद पडलेल्या नंबरांवर सतत कॉल जाणं ही स्पॅमवाल्यांची खूण समजली जाते.

आणि परत फोन आला तर कुणीतरी उचला हो! बऱ्याच ठिकाणी तो नंबर फक्त बाहेर कॉल करायला ठेवलेला असतो, कस्टमरने उलट लावला तर लागतच नाही, मग त्याला हे फ्रॉडच वाटणार.

वसुली, विक्री आणि सपोर्ट एकाच नंबरवरून चालवू नका. वसुलीच्या कॉलवर लोक चिडून रिपोर्ट मारतात आणि त्याचा डाग सपोर्टच्या कॉलवर पडतो.

अमेरिका-कॅनडाला कॉल करणाऱ्यांचा अजून एक गैरसमज असतो, स्टर-शेकनमध्ये (कॉल खऱ्या नंबरवरून आलाय का हे डिजिटल सहीने तपासायची तिथली पद्धत) ए लेव्हल, म्हणजे सगळ्यात वरची, मिळाली म्हणजे आता लेबल लागणार नाही. तसं नसतं. त्या सहीचा अर्थ एवढाच की हा नंबर वापरायचा हक्क तुम्हाला आहे आणि तो खोटा दाखवलेला नाही. कॉल लोकांना हवाय की नकोय हे त्यातून कळत नाही. तरी ए असावी, बी किंवा सी येत असेल तर आपल्या कॉलिंग कंपनीला विचारा की आमचा नंबर आमच्या नावावर नीट का दिसत नाही. अमेरिकेत फ्री कॉलर रजिस्ट्री नावाची साइट आहे, त्यावर एकदाच माहिती भरली की हिया, फर्स्ट ओरियन आणि टीएनएस या तिघांकडे जाते.

लेबल काढायचा अर्ज करताना कंपनीचं नाव, वेबसाइट, कशासाठी कॉल करता हे सगळं स्पष्ट लिहा, आणि तोच नंबर वेबसाइटवरही दिसू दे. पण कॉल करायची पद्धत तीच ठेवलीत तर लेबल परत लागणार, म्हणून अर्ज करायच्या आधी याद्या आणि डायलर सुधारा, आणि कॉल करण्यापूर्वी एक छोटा मेसेज टाका की अमुक कामासाठी या नंबरवरून फोन येईल.