जुनी गाडी कमी खर्चात खाली बसवताय? या चुका टाळा

पहिल्यांदा गाडी खाली बसवली ती एका संध्याकाळी. पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे ग्राइंडरने उडवले, गाडी जॅकवरून उतरवली आणि लांब जाऊन तीनदा वळून पाहिली. देखणी दिसत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्याच खड्ड्यात पुढून असा दणका आला की मी आरशात पाहिलं, मागे काही पडलं की काय. पडलं काहीच नव्हतं. शॉकअप तळाला टेकला होता. चाक फार वर आलं की दणका झेलणारे बंप स्टॉप मीच काढून ठेवले होते, ‘तेवढीच जागा वाढेल’ म्हणून.

गाडी खाली घेतली की खर्च होते ती चाकाला वर यायला असलेली जागा, म्हणजे ट्रॅव्हल. खिशात पैसे कमी असतील तर आधी या जागेचा हिशोब मांडावा. पुढे सांगतोय त्यातल्या बहुतेक चुका तो न मांडल्यामुळे होतात.

स्प्रिंग कापली की ती कडक होते, मग चालतंय की!

हा समज अर्धाच खरा आहे. समजा पुढच्या एका चाकावर २५० किलो भार आहे, स्प्रिंग मिलिमीटरला २ किलो दाबाची आहे आणि बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी ट्रॅव्हल शिल्लक आहे. म्हणजे चाक बंप स्टॉपला टेकायला आणखी १६० किलो जोर लागतो. आता स्प्रिंगच्या ६ कामाच्या वेढ्यांपैकी १ कापला. तार तीच, वेढे कमी, त्यामुळे कडकपणा ६ भागिले ५ या पटीत वाढतो: २ वरून २.४ किलो. भाराखाली दोन वेढ्यांमधलं अंतर ४० मिमी असेल तर गाडीही साधारण ४० मिमी उतरते. उरलं ४० मिमी ट्रॅव्हल. ४० गुणिले २.४ म्हणजे ९६ किलो. आधी १६० किलोंना टेकणारं चाक आता ९६ किलोंना टेकतं. कडकपणा २० टक्क्यांनी वाढला, जागा मात्र निम्मी झाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुटपुंज्या बजेटमध्ये गाडी २५ ते ३० मिमीपेक्षा जास्त उतरवू नये. तिथपर्यंत मूळ भूमिती, म्हणजे चाकं आणि दांड्यांचे कोन, बऱ्यापैकी तग धरते. ४० च्या पुढे प्रत्येक मिलिमीटर नवा पार्ट मागतो.

हा हिशोब स्ट्रटवाल्या गाडीचा आहे, म्हणजे जिथे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात. तिथे स्प्रिंग आणि चाक जवळजवळ बरोबरीने हलतात. दुहेरी विशबोनमध्ये चाक वर-खाली दोन आर्मवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, धरलेलं असतं आणि स्प्रिंग आर्मच्या मध्याकडे बसते, त्यामुळे स्प्रिंग ३० मिमी आखूड झाली तर चाकापाशी ५० मिमीसुद्धा फरक पडू शकतो. स्ट्रटवाल्याचं ऐकून विशबोनवाल्याने कापलं आणि गाडी बुडावर बसली, हे मी पाहिलंय.

आणि मोजमाप जमिनीपासून घेऊ नका. टायरची हवा आणि झीज त्यात घुसते. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जागेवर, चारही कोपरे मोजा आणि लिहून ठेवा. जुन्या गाडीत डावी-उजवी बाजू आधीच १० मिमीने वेगळी निघू शकते. थकलेली स्प्रिंग कापून तिची बरोबरी होत नाही, नंतर वाट्टेल ते करा.

कापायचीच असेल तर

गॅसच्या ज्योतीने नाही. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन घडवलेलं असतं. ज्योतीने ते पाणी उतरतं. तापवून ‘बसवलेली’ स्प्रिंग त्या जागी मऊ पडते, महिनोन्‌महिने बसत राहते आणि एक दिवस तिथेच तुटते. यावर चर्चा नको.

कटिंग डिस्क वापरा, मध्ये थांबत थांबत, शेजारच्या वेढ्याला निळा रंग चढू न देता. आणि आधी टोक पाहा. स्प्रिंगचं टोक वेढ्याच्याच चढाने सरळ संपत असेल आणि खालच्या वाटीत त्या चढाची खाच असेल, तर ते कापता येतं. टोक आत वळून लहान झालेलं असेल किंवा घासून सपाट केलेलं असेल, तर कापल्यावर ते वाटीत नीट बसणार नाही. अशा वेळी तयार आखूड स्प्रिंगच घ्या. खाच वरही असेल आणि खालीही असेल तर अर्धा वेढा कापून चालत नाही, दोन टोकांचं कोनमाप बिघडतं. पूर्ण वेढा कापावा लागतो.

यानंतरची परीक्षा बरेच जण घेतच नाहीत. गाडी स्टँडवर घेऊन चाक पूर्ण खाली लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. सैल फिरली, तर उंचवट्यावरून चाक हवेत गेल्यावर ती वाटीतून निसटू शकते. उपाय आखूड दांड्याचा शॉकअप किंवा मूळ स्प्रिंगखाली बसणारी मदतनीस स्प्रिंग. तारेने बांधून ठेवलेली स्प्रिंगसुद्धा मी पाहिली आहे. त्या गाडीत मी बसलो नाही.

स्प्रिंग काढताना ती दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या दोन पकडी समोरासमोर, आळीपाळीने आवळा आणि स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत तोंड आणू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो. गाडी फक्त जॅकवर असताना खाली शिरणाऱ्याला मी काही सांगत नाही, त्याला घरच्यांनी सांगावं.

पैसा चुकीच्या जागी

स्वस्तातली चकचकीत कॉइलओव्हर जोडी (आटे फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंगसकट शॉकअप) की बऱ्या आखूड स्प्रिंग आणि नवे शॉकअप? मी डोळे झाकून दुसरं घेईन. स्वस्त कॉइलओव्हरचे आटे एका पावसाळ्यात गंजून जाम होतात आणि मग ‘उंची बदलता येते’ हा मुद्दाच संपतो.

त्याहून वाईट म्हणजे नवी कडक स्प्रिंग आणि दोन लाख किलोमीटर धावलेला जुना शॉकअप. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरायला शॉकअपही तगडा लागतो. शिवाय खाली बसलेल्या गाडीत त्याचा पिस्टन नळीच्या वेगळ्या पट्ट्यात फिरू लागतो आणि म्हाताऱ्या सीलला तेल गाळायला निमित्त मिळतं. बॉनेट दाबून गाडी डुलवून पाहण्याची परीक्षा फक्त पार मेलेला शॉकअप पकडते. अर्धमेला त्यात पास होतो.

बंप स्टॉप कधीही काढू नका, आखूड करा. फोमसारखा असेल तर तो स्वतःच शेवटच्या टप्प्याची स्प्रिंग असतो, हळूहळू घट्ट होत जातो. बहुतेकांचं टोक निमुळतं असतं. ते राखून रुंद बाजूचा भाग कापा.

बुश हवेत आवळणं

ही चूक घरी काम करणाऱ्यांकडून हमखास होते, आणि गॅरेजातही होते. लोअर आर्मचा रबरी बुश घ्या. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला जखडली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तो केवळ रबर पिळून.

आता गाडी स्टँडवर आहे, चाकं लोंबताहेत, आर्म खाली झुकलाय आणि तुम्ही बोल्ट आवळलात. गाडी उतरवल्यावर आर्म पंधरा-वीस अंश वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते सतत आर्मला खाली ढकलतं, म्हणून गाडी हवी तेवढी बसत नाही. मालक म्हणतो स्प्रिंग कमी कापली, आणि आणखी कापतो. माझ्याकडूनही हे झालं. काही महिन्यांनी बुश फाटले, पुढून कुरकुर सुरू झाली, आणि बुश बदलून बोल्ट नीट आवळल्यावर गाडी आणखी खाली गेली. आधीच जास्त कापलेल्या स्प्रिंगांवर!

बरोबर पद्धत सोपी आहे. बोल्ट आधी हातानेच लावा. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून डुलवा आणि भाराखालीच घट्ट करा. खाली हात जात नसेल तर चारही चाकांखाली भक्कम फळ्या रचा. मागच्या ट्रेलिंग आर्मलाही (मागचं चाक धरणारा लांबट आर्म) हाच नियम.

मागचा भाग विसरू नका

पाट्यांच्या गाडीत एक्सल पाट्याच्या वर असेल तर दोन्हींच्या मध्ये गुटका, म्हणजे ठोकळा, घालून गाडी स्वस्तात उतरते. एक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट मात्र लांब आणि नवे हवेत. गुटक्यावर गुटका रचू नका, आणि स्टीअरिंगच्या पुढच्या एक्सलला तर गुटका अजिबात नको. पाट्यातली एक-दोन पानं काढून टाकायचा मोह आवरा. उरलेली पानं ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या जोराने पिळतात.

काही जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलला एक छोटा दांडा ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेला असतो. मागून गाडी बसली की व्हॉल्व्ह समजतो सामान भरलंय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामीच, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक. दांडा नव्या उंचीला जुळवून घ्या.

टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, असलेल्यांचं मात्र नशीब चांगलं. आर्मचे दाते एक-दोन घरं सरकवून फुकटात उंची बदलता येते. काढण्यापूर्वी रंगाने खूण करा, आणि बारवर पान्याचा ओरखडा पडू देऊ नका. तडा तिथूनच सुरू होतो.

नंतरच्या तक्रारी

टायर आतल्या कडेला खाल्ला जातोय? लोक कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याला, दोष देतात. खरा गुन्हेगार बहुधा टो असतो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टो गेलेला असला तर टायर किसणीवर धरल्यासारखा झिजतो. अलाइनमेंट त्याच दिवशी करू नका, स्प्रिंग थोडी धावून बसू द्या, मग करा.

जागेवर स्टीअरिंग फिरवताना ‘टण्ण’? स्प्रिंगचं टोक खाचेत नाही किंवा स्ट्रटच्या वरचं बेअरिंग गेलंय.

खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप ओढतंय? चाक वळवणारा स्टीअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म आता एका चालीत हलत नाहीत. समोरून पाहा: लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल तर तुम्ही फार खाली आलात. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते तीही याच कारणाने.

गाडी मागून एका बाजूला सरकलेली वाटते? पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा, पाहा; एक्सल वर आला की तो त्याला आडवा ढकलतो.

स्प्रिंगला हात न लावता थोडं खाली यायचं असेल तर टायर आहे. १८५/७० आर १३ ऐवजी १८५/६० आर १३ घातला तर गाडी साधारण १८.५ मिमी उतरते. पण चाकाचा व्यास ६ टक्क्यांनी घटतो, आणि स्पीडोमीटर जवळपास तेवढाच फुगवून दाखवू लागतो.

सगळं झाल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, टायर मडगार्डला लागत नाही ना ते पाहा, आणि हेडलाइट पुन्हा जुळवा. जुना जॅक आता गाडीखाली शिरणार नाही. डिकीत एक रुंद, जाड फळी ठेवा. पंक्चर झालं की आधी चाक तिच्यावर चढवायचं, मग जॅक लावायचा.